पत्रिकेतील नावांचा क्रम

श्रीमत् विशेषणवाचस्पती, शालश्रीफलसाक्षी, निवृत्तिसमारंभधुरंधर, ध्वनिक्षेपकवल्लभ, साडेतीनशे मानपत्रांचे जनक, पश्चिमनागपूरभूषण (पूर्व नागपूरचा दावा अद्याप विचाराधीन), मानपत्रमार्तंड, महाविद्यालयीन कार्यालयाचे अधीक्षक, रा. रा. हेरंब सदाशिव पांढरीपांडे, वय वर्षे बावन्न, यांच्या दैनंदिनीचा शुभारंभ आज सकाळी चहानंतर व स्नानापूर्वी मोठ्या थाटात संपन्न होत आहे. अध्यक्षस्थानी : स्वतः लेखक. उपस्थिती : स्वतः लेखक. दीपप्रज्वलन : वीज गेल्यास. आभारप्रदर्शन होणार नाही.

१२ फेब्रुवारी

ही दैनंदिनी लिहिण्याची प्रेरणा मला कोणत्याही देवतेने दिलेली नाही. ती रामदासपेठेतील समुपदेशक माया गजभिये यांनी दिली आहे व तिचे शुल्क आगाऊ घेतले आहे.

पूर्वपीठिका अशी. जानेवारीत एका मुख्याध्यापिकेच्या निवृत्तीप्रसंगी मी स्वरचित मानपत्राचे वाचन करीत होतो. 'आपल्या वात्सल्याच्या अखंड वर्षावात' येथवर आलो आणि माझा आवाज गेला. बसला नाही, गेला. हातांना घाम सुटला, छातीत ढोलताशा सुरू झाला, समोरची रांग डुलू लागली. मानपत्राच्या जागी श्रद्धांजलीची वेळ आली, अशी माझी खात्रीच पटली होती. हृदयरोगतज्ज्ञांनी सर्व चाचण्या केल्या व माझ्या हृदयाची निर्दोष मुक्तता केली. "मनाचं असू शकतं," असे म्हणून त्यांनी गजभियेबाईंचे कार्ड हाती ठेवले.

माझ्या मते कारण त्या सकाळचे तर्री-पोहे हे होते. गजभियेबाईंनी विचारले, त्याआधी काय घडले? मी म्हणालो, काहीच नाही. स्वागतगीत झाले, पुष्पगुच्छ झाले, वाचनास उठण्यापूर्वी आमचे अण्णासर भेटले, मानेवर हात ठेवून म्हणाले, "हेरंबा, उच्चार अजून तसेच आहेत ना?" बस. एवढेच.

बाईंनी अण्णासरांचे लिहून घेतले. पोह्यांविषयी एक अक्षरही लिहून घेतले नाही.

१९ फेब्रुवारी

दुसरी बैठक. मी पंचेचाळीस मिनिटे मानपत्राच्या कागदाविषयी बोललो. हातकागद श्रेष्ठ की चर्मपत्री छापाचा, या विषयावर मराठीत पुरेसे लेखन झालेले नाही व ती उणीव मी भरून काढली.

माया गजभिये पस्तिशीच्या आहेत. माझे आडनाव ऐकताच लोक माझ्याविषयी जी विद्वत्ता गृहीत धरतात, ती त्यांनी धरली नाही. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही बोलता तेव्हा मला मंडपात बसल्यासारखं वाटतं. छान वाटतं. पण मंडपात तुम्ही दिसत नाही."

मग त्यांनी एक जाचक अट घातली. अण्णासरांविषयी काही लिहायचे झाल्यास चार अक्षरांहून मोठा शब्द वापरायचा नाही. मी त्यांना नम्रपणे कळवले की चार अक्षरांत माझे वाक्य नुसते सुरूही होत नाही. त्या म्हणाल्या, "घाई नाही."

२ मार्च

आज गौरांग आला होता. गौरांग हा चाळिशीचा उत्साही गृहस्थ असून त्याने मंडप, खुर्च्या, हार व भाषणे यांचे एकहाती आयोजन करण्याचा वसा घेतला आहे. त्याने सांगितलेली वार्ता अशी : श्री. शरच्चंद्र वडनेरकर, म्हणजेच आमचे अण्णासर, यांचे सहस्रचंद्रदर्शन रविवार, सत्तावीस एप्रिलला साजरे करण्याचे ठरले आहे. ऐंशी वर्षे उलटून सहस्र पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा हा सोहळा. सोहळ्याच्या समितीच्या अध्यक्षपदी आम्हा सर्वांना वडीलधाऱ्या यमुताई आहेत. मानपत्र अर्थातच माझे.

अण्णासरांविषयी नोंद आवश्यक. शाळेत ते संस्कृत शिकवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाल भागातील स्वतःच्या घरी पाठांतर वर्ग घेत. स्तोत्रे, सुभाषिते, अध्यायच्या अध्याय. त्यांच्या वर्गातील मुले आंतरशालेय ढाली जिंकून आणीत. नागपुरात आज ज्यांचे 'ष' व 'श' वेगवेगळे ऐकू येतात, त्यांतील निम्मे त्यांचे शिष्य. मीही दोन उन्हाळे होतो. वय दहा व अकरा.

समारंभात आणखी एक घोषणा आहे. तो वर्ग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होणार. एक मेपासून, अण्णासरांच्याच घरी, वयोगट आठ ते बारा.

मी म्हणालो, "पाहू." नागपुरात 'पाहू' याचा अर्थ होकार असा होतो, हे माझ्या लक्षात यायला गौरांगची स्कूटर वळणापलीकडे जावी लागली.

९ मार्च

दूरध्वनीवरून नकार कळवला. कार्यबाहुल्य, प्रकृती, ग्रहमान. गौरांगने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाला, "समजलं दादा. माझीच चूक झाली."

मला हायसे वाटले. तासाभराने भ्रमणध्वनीवर निमंत्रणपत्रिकेचा सुधारित मसुदा आला. आधीच्या मसुद्यात माझे नाव तळाशी, अल्पोपहाराच्या वर होते. आता ते स्वागताध्यक्षांच्या बरोबरीला आले आहे.

ही चूक गौरांगची नव्हे, ती आमच्या संपूर्ण सांस्कृतिक जीवनाची आहे. या शहरात गेल्या चाळीस वर्षांत पत्रिकेतील नावांच्या क्रमाखेरीज अन्य कारणाने कोणी कोणत्याही समारंभाला नकार दिलेला नाही. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी एका ग्रंथप्रकाशनाला याच कारणाने गेलो नव्हतो आणि ते कारण मीच गावभर सांगितले होते. आता खरे कारण सांगायचे तर ते सांगावे लागेल. ते माझ्याकडे नाही. म्हणजे आहे.

११ मार्च

उत्तर दिले नाही. तिसरा मसुदा आला. आता माझे नाव ठळक टाइपात.

१६ मार्च

आज अण्णासरांचा स्वतःचा फोन. आवाज तसाच, तुपासारखा. म्हणाले, "हेरंबा, मानपत्र तूच लिही. तुझी जीभ मी घडवली आहे." मी 'हो सर' म्हणालो. पुढे ते सहज म्हणाले, "तू फार गुणी मुलगा होतास. कधी कोणाकडे काही बोलला नाहीस."

सहज म्हणाले, असे मी वर लिहिले आहे. ते वाक्य तसेच राहू दे.

फोननंतर मसुदा करायला बसलो. 'बालकांच्या कोमल मनावर ज्यांनी' एवढे लिहून झाले व मला ओकारी झाली. मुग्धेने, माझ्या सहधर्मचारिणीने, लिंबूसरबत करून दिले व मार्चमध्येच ऊन किती वाढले आहे याविषयी मनपाला दोष दिला. मी तिच्याशी सहमत झालो. आमच्या संसाराच्या चोवीस वर्षांच्या यशाचे हेच रहस्य आहे.

२३ मार्च

गजभियेबाईंची अट पाळण्याचा प्रयत्न. प्रथम लिहिले : 'तत्कालीन गुरुगृही माझ्या बाल्यावस्थेस अनुचित स्पर्शाचे...' खोडले. पुन्हा लिहिले : 'कतिपय अनिर्वचनीय प्रसंगी...' खोडले. माझी प्रतिभा किती समृद्ध आहे याचा मला प्रथमच त्रास झाला.

मग असे लिहिले.

घरात एक मागची खोली होती. तिथे सर एका मुलाला न्यायचे. बाकी मुले पुढे बसून पाठ म्हणत. जोरात म्हणा, असे सांगून जात. आम्ही जोरात म्हणत होतो. मला नेत तेव्हा ती मुले जोरात म्हणत होती. सर मानेला धरून नेत. आत जे झाले ते मी आज लिहीत नाही. ते झाले. खूप वेळा झाले.

ज्या दिवशी दुसऱ्याचे नाव येई, त्या दिवशी मला बरे वाटे. नत्थू नावाचा मुलगा होता. त्याचे वडील गिरणीत होते. त्याला सगळे पाठ यायचे, माझ्याहून छान. सर त्याला नेत तेव्हा मी फार जोरात म्हणायचो. नत्थूने मग शाळाच सोडली. ढाल मला मिळाली.

एवढे लिहून हात थांबला. शुद्धलेखन तपासले. एकही चूक नाही.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. मुग्धेने श्रीखंडाच्या वाटीबरोबर विषय काढला. सबंध शहराला माहीत आहे, म्हणाली, की मी नावावरून रुसलो आहे. भाजीवालीसुद्धा विचारून राहिली. "अहो, अण्णासरांनी तुम्हाला घडवलं. एक्याऐंशीचा माणूस. मी जाऊन सांगू का गौरांगला, नाव अजून वर घ्या म्हणून?"

मी म्हणालो, अजून वर फक्त श्री गणेशाय नमः आहे.

ती हसली नाही. मीही फारसा हसलो नाही. मला सांगता आले असते. वाटी हातात होती, दार बंद होते, शेजारी गावाला गेले होते. याहून अनुकूल ग्रहयोग कुठल्याही पंचांगात सापडला नसता. मी आणखी श्रीखंड मागितले.

६ एप्रिल

वर्गाची जाहिरात समारंभाच्या व्हॉट्सॲप-समूहावर आली. नोंदणी झालेल्या मुलांची यादीही आली, कारण गौरांगला यादी जाहीर केल्याखेरीज करमत नाही. तेवीस नावे, पालकांचे क्रमांक, पुढे वय. आठ, नऊ, नऊ, अकरा, दहा, दहा. मी ती सगळी वाचली. दहा वर्षांची सात मुले आहेत.

प्रतिसादात एकोणचाळीस जणांनी जोडलेले हात पाठवले. मीही पाठवले. का पाठवले, हे मला ठाऊक नाही. सवय ही मोठी विनम्र गोष्ट आहे.

९ एप्रिल

बैठकीत गजभियेबाईंना तेवीस मार्चचे पान वाचून दाखवले. वाचताना आवाज गेला नाही, याची नोंद हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यावी. मी विचारले, माझ्यासारखे किती विद्वान येतात आपल्याकडे? त्या म्हणाल्या, पुष्कळ. बहुतेक जण पहिल्या दिवशी पोटाची तक्रार सांगतात.

मी म्हणालो की त्या वयातच मी ओरडायला हवे होते. मी इतका मोठ्याने पाठ म्हणत असे, एवढा आवाज माझ्यापाशी होता. बाईंनी विचारले, "यादीतलं एखादं दहा वर्षांचं मूल ओरडलं नाही, तर चूक त्याची म्हणाल?"

मी भ्रमणध्वनी काढून यादीतील दहा वर्षांची सात नावे पुन्हा मोजली.

पुढे त्या म्हणाल्या, "तक्रार करायची की नाही, ते तुम्ही ठरवाल. करायची झाली तर मी सोबत येईन. पण वर्ग थांबवावाच लागेल सर. त्यावर मला गप्प राहता येणार नाही, कायदाही राहू देत नाही. त्याआधी तुम्ही एका माणसाला सांगावं, असं मला वाटतं. माझ्यासाठी नाही."

मी म्हणालो, योग्य मुहूर्त पाहून सांगतो. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. वेळ संपली होती, असे मी समजतो.

१३ एप्रिल

आज घडलेला प्रकार क्रमाने लिहितो, कारण क्रमाशिवाय मला काही आठवत नाही.

सकाळी अकरा वाजता यमुताई व गौरांग माझी समजूत काढण्यासाठी आले. सोबत गांधीबागेच्या बाजारातून आणलेली शाल, नारळ व पत्रिकेचा पाचवा मसुदा. त्यात मला 'विशेष सन्मानमूर्ती' करण्यात आले होते; अण्णासरांच्या हस्ते माझाही सत्कार होणार होता. गौरांग म्हणाला, "'मानपत्रमार्तंड' पण टाकलं दादा. तुमचाच शब्द." यमुताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "हेरंबा, मी वयानं मोठी आहे, तरी हात जोडते. उगाच मनावर घेऊन राहिला तू. माणसानं नावाचं एवढं धरू नये रे."

कूलर घरघरत होता. मुग्धा स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आली. चार कप चहा, बशीत चिवडा. तीही म्हणाली, आता तरी हो म्हणा.

मी 'कार्यबाहुल्यास्तव' असा आरंभ करण्यासाठी तोंड उघडले. पुढे जे बाहेर आले ते मी रचलेले नव्हते.

"पत्रिकेचं काही नाही, यमुताई. अण्णासर मला मागच्या खोलीत न्यायचे. मी दहा वर्षांचा होतो. नको तिथे हात लावायचे. दोन उन्हाळे. मी कधी बोललो नाही. आता तिथे तेवीस मुलं जाणार आहेत."

कूलर घरघरतच राहिला. यंत्रांना प्रसंगाचे भान नसते, हा त्यांचा मोठा गुण.

गौरांगने हातातील मसुद्याकडे पाहिले, जणू या मजकुरासाठी त्यात कुठे रकाना आहे काय हे शोधीत असावा. मग अगदी हळू म्हणाला, "पण दादा, पत्रिका छापायला गेल्या ना."

यमुताई म्हणाल्या, "ते आता एक्याऐंशीचे आहेत रे."

"मी दहाचा होतो," मी म्हणालो.

गौरांगला काय करावे हे न सुचल्याने त्याने सवयीने कप उचलला होता. मुग्धा त्याच्यासमोर ट्रे धरून उभी राहिली.  तो कप तिने मागितलाही नाही. फक्त ट्रे धरला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले व भरलेला कप परत ट्रेमध्ये ठेवला. तिने यमुताईंच्या पुढचाही उचलला, चिवड्याची बशी उचलली व आत गेली. आत नळाखाली चहा ओतल्याचा आवाज आला.

पांढरीपांडे कुळाच्या ज्ञात इतिहासात दारी आलेल्या माणसाला चहा न देता पाठवल्याचे उदाहरण नाही. या अनिष्ट प्रथेचा आरंभ माझ्या कारकिर्दीत झाला, याची मी येथे खेदपूर्वक नोंद करतो. खेदपूर्वक हा शब्द काढून टाकावा.

यमुताई चपला घालताना खालीच बघत म्हणाल्या, "वर्गाचं मी बघते." शाल तशीच राहिली.

ते गेल्यावर मुग्धा बाहेर आली, माझ्यासमोर बसली. मला वाटले, विचारील : इतकी वर्षे का सांगितले नाही? तिने विचारले, "म्हणून तुम्ही मानेला हात लावू देत नाही?"

मी सांगितले की मानपत्रवाचकाला कंठाची काळजी घ्यावी लागते, म्हणून मी बारमाही मफलर...

ती म्हणाली, "मला वाटायचं, माझे हात थंड लागतात तुम्हाला."

चोवीस वर्षे तिला तसे वाटत होते. मला याची काहीच कल्पना नव्हती. मी नागपुरातील साडेतीनशे माणसांचे अंतरंग शब्दबद्ध केले आहे.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. चौकाचौकांत निळे झेंडे, ध्वनिक्षेपक, पाण्याचे मटके. गजभियेबाईंचा दवाखाना बंद, पण मुग्धेने त्यांना फोन लावून अर्धा तास बोलून घेतले. काय बोलली ते मला सांगितले नाही. संध्याकाळपर्यंत यादीतील पालकांना ती एकेक करून फोन करीत होती. माझे नाव घेऊ का, असे तिने आधी विचारले. मी बराच विचार करून 'घे' म्हणालो. विचार करायला एवढा वेळ का लागला, ते ठाऊक नाही. माझे नाव ठळक टाइपात छापा म्हणून मी आजवर किती भांडलो आहे.

तीन पालकांनी फोन कापला. एकीने विचारले, पुरावा काय? एका वडिलांनी काहीच विचारले नाही, फक्त म्हणाले, "मले बरं झालं सांगितलं ताई. मुलाचं नाव काढतो आजच."

१७ एप्रिल

गौरांगचा फोन. खूप अडखळत बोलला. त्याला फार वाईट वाटत असून तो रात्रभर झोपला नाही. दुसरे, माझ्या भावनांचा तो आदर करतो. तिसरे, मानपत्राचा मसुदा अर्धा झाला असल्यास मी तो देऊ शकेन काय; पुढचे कोणीतरी पूर्ण करील, माझे नाव कुठेही येणार नाही.

शेवटी एकदाचे माझे नाव पत्रिकेतून निघाले. मी सांगितले, एक ओळ झाली होती, ती फाडली.

मग त्याने विचारले, "दादा, मी पण तिथं एक महिना होतो. मले काही नाही झालं. तरी मी काहून मागच्या खोलीची कडी आठवून राहिलो दोन दिवस?" मी त्याला रामदासपेठेतील पत्ता दिला. त्याने तो लिहून घेतला की नाही, कोण जाणे. दुपारभर आम्हा दोघांचेही काही काम झाले नसावे.

१९ एप्रिल

चौदा तारखेनंतर गोतावळ्यातून मला मिळालेल्या सल्ल्यांचा सारांश : झाले गेले विसरावे. देव बघून घेईल. म्हाताऱ्या माणसाला या वयात. असल्या गोष्टी बाहेर. एका आतेभावाने तर असेही सुचवले की मी कथा लिहावी. अनुभव दांडगा आहे.

आज मात्र दुपारी दोन तास गाढ झोप लागली. कूलरसमोर, मफलर न घालता. उठल्यावर क्षणभर कुठे आहे ते कळले नाही, आणि भीतीही वाटली नाही. ही बाब कोणत्याही सन्मानास पात्र नसल्याने केवळ नोंदवून ठेवतो.

२१ एप्रिल

अनोळखी क्रमांकावरून फोन. "हेरंब पांढरीपांडे बोलून राहिले का?" मी नेहमीप्रमाणे म्हणालो, कोणत्या समारंभासंबंधी? पलीकडे ट्रकांचे आवाज होते. मग म्हणाला, "मी नत्थू. वाडीवरून. तुह्या वर्गात होतो."

नागपूरच्या वेशीवरील वाडीत एका वाहतूकवाल्याच्या गोदामावर तो मुकादम आहे. त्याची एक भाची त्या पालकांपैकी कोणाकडे कामाला जाते. तिने घरी सांगितले आणि त्याने तीन दिवसांत माझा क्रमांक मिळवला.

"तू त्या मास्तरचं सांगतलं म्हणते."

"हो."

"मले वाटे का मी एकलाच हावो."

 तो पुढे म्हणाला, "मी शाळा सोडली तं माह्या बापानं मले लई मारलं गा. मी सांगतलं नाही काहून सोडली. थो मरून गेला, त्याले अजून माहीत नाही."

मग मी सांगितले की तो आत जाई तेव्हा मी बाहेर फार मोठ्याने पाठ म्हणत असे. मला आत काय चालले आहे ते ठाऊक होते आणि माझी पाळी नाही म्हणून मला बरे वाटे. हे मी गजभियेबाईंना सोडून कोणालाही सांगितले नव्हते. फोन ठेवला जाईल, अशी माझी अपेक्षा होती.

नत्थू म्हणाला, "मले आतून तुहाच आवाज आयकू ये. बाकीचे चुकत, तू नाही चुकत. मी त्याच्याच मागं मागं मनात म्हणत राहो. तेवढा वेळ निघून जाये."

नंतर आम्ही उन्हाविषयी बोललो. वाडीत पंचेचाळीस आहे.

२८ एप्रिल

काल सहस्रचंद्रदर्शन झाले. मी गेलो नाही. जाऊन आलेल्यांनी दोन्ही बाजूंनी वृत्तांत आणून दिला. पाचशे खुर्च्या, माणसे दीडशेच्या आत. यमुताई अध्यक्ष असूनही गुडघ्याच्या कारणाने अनुपस्थित. त्यांचा गुडघा शनिवारी बाजारात मला व्यवस्थित दिसला होता. मानपत्र एका तरुण प्राध्यापकाने लिहिले. त्यात 'ऋषितुल्य' हा शब्द चार वेळा होता. शब्दसंपदेची ही अवस्था.

वर्ग रद्द झाला. समूहावर अधिकृत निवेदन असे : 'उष्णतेच्या लाटेमुळे यंदाचा पाठांतर वर्ग होणार नाही.' खरे कारण लिहिण्याचे धैर्य समितीत नाही. पण एकही मूल त्या घरी जाणार नाही. विदर्भाच्या उन्हाने आजवर पुष्कळ माणसे मारली. तेवीस मुले वाचवल्याचा मान मात्र त्याला फुकट मिळाला आहे.

गजभियेबाईंना विचारले, पुढच्या वर्षी उष्णतेची लाट आली नाही तर? त्या म्हणाल्या, म्हणून लेखी द्यायला हवे. मी म्हणालो, मानपत्रे लिहिण्याचा माझा अनुभव तिथे चालेल काय? त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. तक्रारीचा मसुदा मी करतो आहे. तीन पानांचा होता, एका पानावर आला आहे. विशेषणे शून्य. नत्थूला वाचून दाखवला. तो म्हणाला, आपलंही नाव टाक खाली, पण आधी एकदा त्या बाईले भेटतो.

७ मे

आज नत्थूला गजभियेबाईंकडे घेऊन गेलो. वाडीहून तो बसने आला, बर्डीच्या थांब्यावर उतरला; मी स्कूटरवर घेऊन आलो. एकेचाळीस वर्षांनी भेट. केस माझ्याहून जास्त आहेत, दात कमी. डोक्याला दुपट्टा, पायात नवे बूट, बहुधा आजच्यासाठी घेतलेले. स्कूटरवर मागे बसताना त्याने माझ्या खांद्याला धरले, मानेजवळ. मी स्कूटर सरळ चालवली. याची नोंद वाहतूक शाखेने घ्यावी.

इमारतीच्या पायऱ्यांशी तो थांबला. म्हणाला, "आत गेल्यावर काय बोलू गा मी तिच्यासंग? मले तुह्यावानी बोलता येत नाही." मी त्याला सांगितले, काहीही बोल, मी पहिल्या वेळी पोह्यांवर बोललो होतो आणि ती बाई ऐकत बसली होती. तो म्हणाला, मी ट्रकायचं सांगीन. मी म्हणालो, उत्तम विषय आहे.

दवाखाना चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला : 'लिफ्ट बंद आहे. कृपया सहकार्य करावे.' कोणाशी सहकार्य करावे व ते कोणत्या स्वरूपाचे असावे, याचा खुलासा नाही. नत्थूच्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे. बाहेर त्रेचाळीस अंश. जिन्याला कठडा आहे, पण तो उजव्या हाताला आणि गुडघा डावा. चौकीदाराला विचारले, कधी सुरू होईल? तो म्हणाला, "पार्ट येऊन राहिला साहेब, पुण्याहून." कधी निघाला? त्याला माहीत नव्हते. मी म्हणालो, दर बुधवारी आम्हा दोघांना आता यायचे आहे, तोवर येईल काय? तो म्हणाला, सोसायटीच्या सचिवांना विचारा. सचिवांचा क्रमांक मागितला. तो लिफ्टच्या आत लिहिलेला आहे.